परक्या तव्यावरची भाकरी

मला कुणी विचारलं की तुम्ही काय काय बघितलंय, तर मी एका दमात सांगते: अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, परळी. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई लई फिरलेली दिसते. डोंबलाची फिरलेली. मी एकच गाव परत परत बघितलंय, नुसतं पाटीवरचं नाव बदलून.

गाडी गावात शिरली की आधी पार्किंगवाला पावती फाडतो. मग नारळाच्या राशी, कुंकवाचे ढीग, पितळेच्या मूर्ती, प्लास्टिकची खेळणी, पेढ्यांची दुकानं. दुकानदार हाक मारतो, चप्पल इथं ठेवा ताई, फुकट. पुढं लॉजचे बोर्ड, सगळ्यांवर देवाचंच नाव. खोलीत हिरवी चादर, निळी बादली, बादलीत लाल मग, भिंतीवर 'पहाटे गरम पाणी मिळेल' अशी पाटी. जेवायला बसलं की ज्वारीची भाकरी, पिठलं, भरलं वांगं, शेंगाची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. गाणगापुराकडं भाकरीला रोट्टी म्हणतात अन कडक वाळवून चवड रचून ठेवतात, एवढाच काय तो फरक. मला हे सगळं पाठ आहे, कारण आमच्या घरी हेच चालतं. तुळजापुरात आमचं लॉज आहे, लॉजच्या खाली खानावळ आहे, अन खानावळीच्या मागच्या बाजूला मी आहे.

माझं माहेर उमरग्याचं. वडलांचं हायवेला पंक्चरचं दुकान होतं. कुठकुठले ट्रक यायचे. चाक निघेपर्यंत ड्रायव्हर बाजेवर बसायचा अन मी त्याला पाणी नेऊन द्यायची अन विचारायची, मामा, तुमच्या गावाकडं काय खातात? एकजण म्हणाला, तीन वेळा भात. मला खोटंच वाटलं. तीन वेळा भात खाऊन माणूस उभा कसा राहील? एकजण म्हणाला, आमच्याकडं जेवणात सगळीकडं मोहरीचं तेल. मी घरी येऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, ते डोक्याला लावतेत गं, खाईनात. मला ते सगळं बघायचं होतं, खाऊन बघायचं होतं. अन मला दिली कुठं, तर जिथं गाड्या येऊन थांबतात अन पुढं जात नाहीत त्या गावात.

आमच्या घरात फिरायला जात नाहीत असं नाही. पौर्णिमेची गर्दी नसली, लग्नसराई नसली की सासरे क्रूझर ठरवायचे. पण जायचं तिथंच, जिथं आपलं जेवण मिळतं अन आपल्या ओळखीचं लॉज असतं. पाणी बदललं की पोट बिघडतं, हे त्यांचं ठरलेलं बोलणं. सासरे गेले, तरी मालकांनी तेच चालू ठेवलं. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्यात नाव घेत नाहीत. एकदा मी म्हणाले, अवं, सगळी दुनिया केरळला चाललीय, आपुनबी जाऊ की. त्यांनी हिशोबातून मान वर न करता विचारलं, "तिथं भाकर मिळंल का?" विषय संपला.

अन गेलं तरी काय? पुरुष बाहेर खुर्च्या टाकून धंद्याचं बोलणार, यंदा भाविक किती, खोलीचा भाव काय, फोनवरून खोल्या घेणारे शेवटच्या घडीला कसे फसवतात. बायका आत. आत म्हणजे त्या लॉजवाल्यांच्या भटारखान्यात; तिथं माझ्यासारखीच एक बाई घामाघूम उभी असायची. तिनं विचारायचं, तुमच्याकडं ज्वारी कुठली? मी सांगायचं, तामलवाडीच्या शेतकऱ्याकडून घेतो, टपोरी असते. झालं फिरणं. लोक सुट्टीत घर सोडून जातात, आम्ही दुसऱ्याच्या घरात जाऊन आपलंच घर बघून यायचो. कधी कधी परतीच्या गाडीत मला श्वास पुरायचा नाही. खिडकी उघडी असून जीव गुदमरायचा. मालक म्हणायचे, ॲसिडिटी झाली असंल, वांगं तिखट होतं.

माझं जे झालं ते झालं. पण आम्हाला एकच लेक. तिच्यावर मात्र मी डोळा ठेवून होते, म्हणजे ती इथनं सुटली पाहिजे यावर.

ती सोलापूरला रक्त तपासायचं शिकली. दिवसभर येणाऱ्या माणसांचं रक्त काढायचं, मशीनमध्ये घालायचं, त्याला काय झालंय ते सांगायचं. शिकून झाल्यावर तिला कोकणातल्या एका दवाखान्यात नोकरी मिळाली. फोनवर तिनं मला त्या गावाचे फोटो दाखवले. सगळं हिरवं, लाल माती, कौलारू घरं, अन लॉजचा एक बोर्ड नाही. दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "तिकडं मासे अन भात. काय खाणार तू?"

"शिकंन की भात खायला," लेक म्हणाली. "त्यात काय डिग्री लागतीय?"

मला हसू आलं. मालकांना नाही आलं. त्यांचं म्हणणं, आधी सोयरीक जमवू, मग सासरचे म्हणतील तसं. अन सोयरीक म्हटलं की आमच्या घरात पुन्हा तीच यादी. आमच्या लॉजवाल्या, खानावळवाल्या घरांचं एकमेकांतच देणं-घेणं चालतं. धंदा कळणारी सून पाहिजे, अन पोरीलाबी नवं काही शिकावं लागत नाही, असं म्हणतात. लेकीनं बापाला तोंडावर सांगितलं, "कुठंबी द्या. शेतकऱ्याला द्या, मास्तरला द्या. पण लॉजवाल्या घरात नको. सगळी दुनिया तिथं येती अन निघून जाती, अन आपुन तिथल्या तिथंच." मालक उठून बाहेर गेले. नंतर मला म्हणाले, हे तू शिकवलंस. मी म्हणाले, व्हय, म्याच शिकवलं.

तरी त्यांनी एक स्थळ काढलंच. कर्नाटकाच्या सीमेपलीकडचं देवस्थानाचं गाव. नाव सांगत नाही, तिथं आता आमची माणसं आहेत. मुलगा एकुलता, लॉज मोठं, खानावळीला चांगलं नाव. मुलगा येऊन लेकीला बघून गेला होता, त्याला पसंत होती. आता आम्ही घर बघायला जायचं होतं.

इथं आमची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मुलीकडची माणसं घर बघायला गेली की पुरुष बाहेर बसतात, चहापाणी होतं. मुलीच्या आईला बायका आत बोलावतात. तिनं भटारखान्याच्या उंबऱ्यावर बसायचं, गप्पा मारायच्या, पण आत पाय टाकायचा नाही. घर पसंत असलं तर मात्र तिनं उठायचं, आत जायचं अन त्यांच्या तव्यावरची भाकरी आपल्या हातानं उलटायची. याला आमच्यात 'चुलीला हात लागला' म्हणतात. आता चुली कुठं राहिल्यात, गॅसच्या भट्ट्या आल्या, पण शब्द तोच. एकदा हात लागला की बोलणं संपलं. बाहेर पुरुष सुपारी फोडतात, लगेच आतनं साखर येते. मग माघार नाही. माघार घेतलेल्या घरात परत कुणी पोर देत नाही अन तिथली पोर करून घेत नाही. रांधणाऱ्या लोकांची रीत आहे ही, आमच्यात तोंडापेक्षा हाताला किंमत.

म्हणजे सगळं माझ्या हातात होतं, अगदी खरोखरीच्या हातात. मी उंबऱ्यावर बसून राहिले की मालकांना काही करता येणार नव्हतं. निघताना लेक म्हणाली, "आई, हात मांडीखाली घालून बस." मी म्हणाले, "येडी का खुळी तू, मला काय कळत न्हाय व्हय?"

आम्ही तिघं गेलो. मालक, मी अन माझी धाकटी जाऊ. दिराचं कुटुंब आमच्यातच राहतं; जाऊबाई खानावळीचा गल्ला सांभाळते, तिची पोरगी लॉजचं काऊंटर. गाव आलं. पार्किंगची पावती, नारळ, कुंकू, चप्पल इथं ठेवा. लॉजच्या पायऱ्या चढताना मला कुठली पायरी निसरडी असणार तेसुद्धा कळलं, अन होतीच ती निसरडी. गल्ल्याच्या मागं देवाचा फोटो, फोटोवर लाल लुकलुकणारे दिवे. चहा आला तो आमच्यासारखाच जास्त साखरेचा. मालक खूश. जाऊबाईला हळूच म्हणाले, "बघ की, सगळं आपल्यासारखंच हाय." मुलाची एक म्हातारी आत्या होती, त्या घरात तिचाच शब्द चालायचा. ती मला आत घेऊन गेली अन म्हणाली, "बसा अक्का." मी उंबऱ्यावर बसले. जाऊबाई बाहेरच थांबली.

भटारखान्यात मुलाची आई एकटी होती. माझ्याच वयाची, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं. पाहुणे येणार म्हणून सकाळपासून राबत होती, अन त्यात भाकरी थापायला येणारी बाई त्या दिवशी आली नव्हती. जेवणघरात भाविकांची एक आख्खी बस उतरलेली. वाढपी दारातनं ओरडत होता, भाकर, भाकर. ती थापत होती, टाकत होती, मधेच माझ्याकडं बघून हसत होती. म्हणाली, "तुमच्याकडंबी असंच असंल ना?" मी म्हणाले, "असंच. मंगळवारी तर इचारूच नका."

"मी तुळजापूरला आली होती एकदा," ती म्हणाली. तिचं मराठी कानडीच्या वळणाचं होतं. "ह्यांच्या ओळखीचं लॉज होतं. दर्शन झालं, मग आत बसली. तिथली बाई भाकरी करू लागली, मी बघू लागली. दुसरं काय बघितलं न्हाय."

 मी म्हणाले, "गडावर न्हाय गेलाव, नळदुर्गला?" ती म्हणाली, "कोण नेतंय?"

आत्या दारातच उभी राहून आमचं ऐकत होती. जेवणघरातनं परत ओरडा झाला. आमटी संपली होती. मुलाची आई दोन्ही हातांनी पातेलं उचलून मागच्या खोलीत गेली. तव्यावर भाकरी तशीच.

मी उंबऱ्यावर. हात मांडीखाली नव्हते, पण पदरात होते. मी त्या भटारखान्याकडं बघत होते. डाव्या बाजूला भट्टी, मधे काळा तवा, उजवीकडं परात, परातीच्या पलीकडं पाण्याचं भगुलं. मिठाचा डबा झाकण नसलेला. आमच्याकडं जे जिथं आहे ते इथंही तिथंच. बाहेर कोणतरी ओरडलं, "भाकर आण गं." अन भाकरीच्या कडेनं धूर निघाला.

मी उठले ते मला कळलंच नाही. आई शप्पथ सांगते, कळलं नाही. इतकी वर्षं झाली, धूर दिसला की माझा हात जातो. झोपेतसुद्धा जाईल. मी ती भाकरी उलटली, विस्तवावर धरली, ती टम्म फुगली. मी ती टोपल्यात टाकली अन परातीतलं पीठ घेऊन दुसरी थापायला लागले. आत्याच्या आवाजानं भानावर आले.

"लागला हात," आत्या म्हणाली. सगळं तोंड हसत होतं तिचं. "चांगली टम्म फुगली की. थांबा, बाहेर सांगते." अन गेली.

माझ्या हातातलं पीठ गळून पडलं. लेकीचं तोंड डोळ्यापुढं आलं. पहिल्यांदा मला माझ्या हातांचा राग आला. असे हात तोडून टाकावेत असं वाटलं. तेवढ्यात मुलाची आई मागच्या खोलीतनं आली. तिनं टोपल्यातली भाकरी बघितली, परातीतलं पीठ बघितलं, माझे पिठाचे हात बघितले.

"तुमी केली?"

"सवयीनं गेला हात," मी म्हणाले. "पसंतीनं न्हाय. सवयीनं."

 बाहेर मालकांचं हसणं ऐकू येत होतं. मग तिनं हळूच विचारलं, "पोरीच्या मनात हाय का?"

"न्हाय," मी म्हणाले. "तिला ह्या असल्या घरात यायचंच न्हाय. तुमचं घर वाईट हाय असं न्हाय अक्का, पण."

"कळतंय," ती म्हणाली. "मला काय सांगता?" तिनं भगुल्यातलं पाणी माझ्या हातावर ओतलं, आपल्या पदरानं माझे हात पुसले अन मला खांद्याला धरून उंबऱ्यावर बसवलं. मग स्वतः परातीपुढं बसली अन माझी अर्धी थापलेली भाकरी थापायला लागली.

सगळे आत आले. आत्या पुढं, मागं तिचा भाऊ म्हणजे मुलाचा बाप, मालक, जाऊबाई. मुलाच्या बापाच्या हातात सुपारीचं ताट. आत्या म्हणाली, "साखर काढ गं, हात लागला."

"कुणाचा?" मुलाच्या आईनं वर न बघता विचारलं.

"कुणाचा म्हणजे? ह्यांचा. म्या डोळ्यानं बघितलं."

"तुमच्या डोळ्याला दिसतंय कुठं वन्सं? धूर झालता. मीच उलटली की. त्या उंबऱ्यावर बसल्यात तशाच बसल्यात."

आत्याचा चेहरा बदलला. ती काय काय बोलली, ते मराठीत कमी अन कानडीत जास्त. मुलाचा बाप बायकोवर डाफरला, "पाहुण्यापुढं मोठ्या बहिणीला खोटं पाडतीस?" ती थापत राहिली. मग मालक माझ्याकडं वळले. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "तू सांग. हात लावला का न्हाय?"

सगळे माझ्याकडं बघत होते. माझ्या नखात पीठ होतं. मी मुठी वळल्या अन म्हणाले, "न्हाय लावला."

आम्ही परत निघालो. अक्कलकोट मागं पडल्यावर मालक म्हणाले, "आईची शपथ घेऊन सांग." आमच्या गावात आई म्हणजे देवी. मी खिडकीबाहेर बघत राहिले. ते म्हणाले, "राहू दे. कळलं मला." अन परत त्यांनी तो विषय माझ्यापाशी काढला नाही. वाईट माणूस नाही तो. त्याला खरंच वाटतं की ओळखीच्या चवीत माणूस सुखी असतो. मीच त्याला कधी नीट सांगितलं नसेल, किंवा सांगितलं तेव्हा ती ॲसिडिटी निघाली.

लेक दिवाळीनंतर कोकणात गेली. मालकांनी अडवलं नाही, पण गाडीवर सोडायलाही गेले नाहीत. मी गेले. ती पोचल्यावर तिनं जेवणाचा फोटो पाठवला, भात अन कसलीतरी नारळाची आमटी. खाली लिहिलं होतं, पोट बिघडलं, पण मजा आली. मी फोन छातीशी धरून भटारखान्यात एकटीच हसत बसले. त्या दिवसाइतकं सुख मला या घरात कधी मिळालं नव्हतं, हे मी लपवत नाही.

ते सुख जेमतेम महिनाभर टिकलं. एक दिवस सगळे जेवायला बसलेले असताना मालक दिराला म्हणाले, "ते घर लई चांगलं हाय. हातचं घालवायचं कशाला? तुझ्या पोरीला देऊ." दीर बरं म्हणाले. जाऊबाईचा चेहरा फुलला. मी वाढत होते, माझा हात थांबला.

ही पोरगी माझ्याच हाताखाली वाढलेली. मला मोठ्याई म्हणते. भाकरी थापायला तिला मीच शिकवलं, स्टुलावर उभी करून. काऊंटरवर बसून दिवसभर खोल्यांच्या किल्ल्या देते-घेते, भाविकांशी गोड बोलते. कधी कशाला नाही म्हणालेली मला आठवत नाही. मी जाऊबाईला बाजूला घेऊन सांगितलं, नको देऊस, लई राबवणारं घर हाय. ती भडकली. "तुमची पोर सुटली, आता आमच्या पोरीचं चांगलं व्हायलं तर बघवंना व्हय? आमाला घर पसंत हाय." वर मलाच ऐकवलं, "तुमी सपष्ट सांगा की, त्या दिवशी हात लावला होता का न्हाय? मग बोला."  लावला म्हटलं तर माझी लेक नोकरीवरनं परत आणली असती. नाही म्हटलं, तर ती म्हणाली असती, मग उंबऱ्यावर बसून तुमाला त्या घरातलं काय कळलं? दोन्हीकडनं माझंच दार बंद.

मुलगा येऊन पोरीला बघून गेला, पसंत म्हणाला, अन आम्ही परत त्याच गावाला गेलो. मी येत नाही म्हणाले तर मालक म्हणाले, मोठी बाई आली न्हाय तर लोक काय म्हणतील. या वेळी आई जाऊबाई होती, तिला उंबऱ्यावर बसवलं. मला तिच्या मागं जागा दिली. मुलाची आई तशीच परातीपुढं. मला वाटलं ती थोडी वाळली. तिनं जाऊबाईला विचारलं, "पोरीच्या मनात हाय का?"

"मनात नसायला काय झालं?" जाऊबाई म्हणाली.

मग त्या बाईनं माझ्याकडं बघितलं. जाऊबाईच्या खांद्यावरनं, सरळ. ती मला विचारत होती, हे काय कुणी सांगायला पाहिजे होतं का? मी नाही म्हणून मान हलवली असती तर तिनं परत काहीतरी केलं असतं, असं मला आजही वाटतं. पण मला उत्तरच माहीत नव्हतं. मी त्या पोरीला विचारलंच नव्हतं. स्वतःच्या लेकीच्या मनातलं मला न विचारता ठाऊक होतं, अन हिच्या मनात काय आहे याचा मी कधी विचारसुद्धा केला नव्हता. मी खाली बघितलं. जाऊबाई हसत उठली, आत गेली अन भाकरी उलटली. तिची भाकरी काही फुगली नाही, ती गल्ल्यावर बसणारी बाई. पण हात लागला तो लागला. मुलाच्या आईनं साखर काढली, जाऊबाईच्या तोंडात घातली अन माझ्याजवळ येऊन माझ्या तळहातावर ठेवली.  तिला तरी किती अडवता येणार होतं? तिलाही सून पाहिजेच होती. त्या भट्टीपुढं ती एकटीच होती.

घरी आल्यावर मी पोरीला गाठायचं ठरवलं, पण जाऊबाईनं तिला माझ्यापाशी एकटी सोडलीच नाही. कपडे घ्यायला सोलापूर, ब्लाऊज शिवायला दुसरीकडं, मामाकडं केळवण. पुढं तर घर पाहुण्यांनी भरलं. लेकीला सुट्टी मिळाली नाही, ती फोनवरच बोलली. शेवटी हळदीच्या दिवशी मला संधी मिळाली. पहिली हळद मोठ्या बाईनं लावायची असते. बायका गाणी म्हणत होत्या, आवाज मोठा होता. मी तिच्या पुढ्यात बसले, तिचा हात हातात घेतला अन कोपरापर्यंत हळद लावता लावता तिच्या कानाशी गेले.

"बाळा, खरं सांग. तुझ्या मनात हाय का हे? नसंल तर आत्ता सांग. मी बघते काय करायचं ते. समद्यांशी भांडते."

तिनं माझ्याकडं बघितलं. घाबरली नव्हती, रडत नव्हती. कुणीतरी परक्या भाषेत बोलल्यावर माणूस बघतं तशी बघत होती. मग काऊंटरवर भाविकांशी बोलायची त्याच गोड आवाजात ती म्हणाली, "मोठ्याई, मनात काय हाय असं मला आजपर्यंत कुणी इचारलंच न्हाय. आता एकदम कसं सांगू?"

मागनं जाऊबाई म्हणाली, आटपा, बाकीच्या बायका खोळंबल्यात. मी वाटीतली हळद घेतली अन तिच्या दुसऱ्या हाताला लावली.